जमीन, पाया आणि पाऊस : ठाणे-नवी मुंबईत फ्लॅट घेण्याआधी काय तपासायचं

गुंतवणूक म्हणून पहिल्यांदा फ्लॅट घेणारे लोक दर, कार्पेट एरिया, स्टेशनपासूनचं अंतर आणि भाडं किती सुटेल हे खोदून खोदून विचारतात. इमारत कशावर उभी आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. ठाणे आणि नवी मुंबईत हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिक किंवा येऊरचा डोंगर आणि मधल्या पट्ट्यात कुठे कातळ, कुठे मुरूम, कुठे चिखलावर टाकलेला भराव. दोन इमारतींमध्ये जेमतेम अर्ध्या किलोमीटरचं अंतर असतं आणि खालची जमीन पूर्ण वेगळी असते.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, म्हणजे विनाकारण घाबरायला होणार नाही. रीतसर परवानगी घेऊन, चांगल्या आरसीसी कन्सल्टंटच्या (इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरच्या) हाताखाली बांधलेली उंच इमारत इथे सहसा खचत नाही. तिचा भार खालच्या कातळावर गेलेला असतो. मालकाचा पैसा जातो तो इमारतीच्या भोवती आणि अंगावर: खचलेलं आवार, तुटलेली ड्रेनेज लाइन, पाण्यात गेलेली लिफ्ट, डोंगराकडची फुगलेली भिंत, गंजून फुगलेल्या सळया. यातलं बहुतेक सगळं खरेदीआधी दिसू शकतं. कुठे बघायचं आणि कधी बघायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

पायरी १ : इथे आधी काय होतं, ते शोधा

आपल्या भागाचा मूळ खडक म्हणजे काळा पाषाण, बेसाल्ट. त्याच्यावर झिजलेल्या खडकाचा मुरूम आणि त्यावर माती. डोंगराच्या पायथ्याशी हा कातळ काही फुटांवर लागतो. खाडीकडे सरकावं तसा तो खोल जातो आणि त्याच्या डोक्यावर भरती-ओहोटीने आणून टाकलेल्या मऊ, काळपट, पाण्याने भरलेल्या चिखलाचा थर येतो. इंजिनिअर लोक त्याला मरीन क्ले म्हणतात. हा चिखल भार पडला की दबतो. मात्र तो एका दिवसात दबत नाही, आतलं पाणी हळूहळू बाहेर निघत वर्षानुवर्षं दबत राहतो. इथल्या निम्म्या तक्रारींचं मूळ या एका गोष्टीत आहे.

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्ता डोळ्यांसमोर धरा. पूर्वेला एमआयडीसी आणि पारसिकची रांग, पश्चिमेला खाडी. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी या पट्ट्यात जितकं पश्चिमेला जाल तितकं भरावाच्या जमिनीवर असण्याची शक्यता वाढते. जुनी गावठाणं बहुतेक उंचवट्यावर आहेत. आगरी-कोळी पूर्वजांनी घरं पक्क्या जमिनीवर बांधली आणि खालच्या बाजूला भातशेती, मिठागरं आणि खाजण (भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन) ठेवलं. पुढे नोड (सिडकोने आखलेल्या वस्त्या) वाढले ते याच खालच्या भागात. कामोठे, कळंबोली, उलवे, द्रोणागिरी इथेही खाजणाचा मोठा पट्टा भरून वस्ती झाली आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्याचंही असंच आहे: माजिवड्याहून गायमुखकडे जाताना डाव्या हाताला येऊरचा डोंगर, उजव्या हाताला बाळकूम, कोलशेत करत खाडी. रस्त्याच्या कुठल्या अंगाला प्रकल्प आहे, यावरून तुमचे पुढचे प्रश्न ठरतात. खाडीच्या बाजूला भराव आणि भरती विचारायची, डोंगराच्या बाजूला ओढे आणि उतार.

जमिनीचा इतिहास घरबसल्या बघता येतो. गूगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत जुन्या सालांची उपग्रहचित्रं सरकवून पाहायची सोय आहे, तीही फुकट. आपला प्लॉट शोधा आणि मागे मागे जा. पाणथळ, खारफुटी, मिठागर, तलाव, दगडखाण, नाल्याचं वळण, यातलं काही दिसलं तर चित्र साठवून ठेवा. बुजवलेली दगडखाण मला यात सगळ्यात काळजीची वाटते, कारण तिथे प्लॉटच्या एका कोपऱ्यात कातळ वर असतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात बराच खोल भराव. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशेही मोफत उतरवून घेता येतात. त्यात ओढे आणि दलदल खुणांनी दाखवलेली असते. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, त्यामुळे जुन्या ठाण्यात आसपास कुठला तलाव किंवा विहीर बुजवली का, हे जरूर विचारा.

आणि जवळच्या गावठाणात जाऊन एखाद्या वयस्कर माणसाशी बोला. ‘काका, हे टॉवर व्हायच्या आधी इथे काय होतं? पाणी कुठपर्यंत यायचं?’ एवढं विचारलं तरी पुरे. उघाडी (बांधातली पाणी सोडायची झडप) कुठे होती, बांध कधी फुटला, कुठल्या ओढ्यावर रस्ता टाकला, हे त्यांना तोंडपाठ असतं. कुठल्याही ब्रोशरमध्ये ही माहिती मिळणार नाही.

पायरी २ : सॉइल रिपोर्ट मागा आणि तीन गोष्टी वाचा

बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात विक्री ऑफिसला सरळ सांगा की भू-तपासणीचा अहवाल बघायचा आहे. बहुतेक ठिकाणी समोरची व्यक्ती आधी गोंधळते. तिला दोष देऊ नका, तिच्याकडे तो नसतोच. प्रकल्पाच्या इंजिनिअरची भेट मागा. प्रत दिली नाही तरी समोर बसून दाखवायला हरकत नसावी. तीही असेल, तर तो माझ्या मते व्यवहार थांबवून विचार करण्याचा मुद्दा आहे.

अहवाल जाडजूड असतो, पण नवख्याने तीन गोष्टी पाहिल्या तरी बरंच कळतं.

पहिली, बोअर (तपासणीसाठी जमिनीत पाडलेली खोल भोकं) किती आणि कुठे घेतले. नकाशावर बोअरच्या जागा दाखवलेल्या असतात. तुमच्या विंगखाली एकही बोअर नसेल तर का नाही, ते विचारा. खाडीपट्ट्यात शंभर फुटांच्या आत थर बदलतात.

दुसरी, बोअरलॉग. यात खोलीप्रमाणे थर लिहिलेले असतात: भराव, मरीन क्ले, मुरूम, झिजलेला खडक, कठीण खडक. शेजारी ‘एन व्हॅल्यू’ असते. ठरावीक वजनाचा हातोडा ठोकून नळी एक फूट खाली जायला किती ठोके लागले, ती ही संख्या. चारपर्यंत असेल तर तो अगदी मऊ चिखल. पन्नासच्या पुढे गेली की ‘रिफ्यूजल’ लिहितात, म्हणजे नळी जाईना. मऊ थर किती जाडीचा आहे आणि कठीण खडक किती मीटरवर लागला, एवढं वहीत उतरवून घ्या.

तिसरी, भूजलाची पातळी आणि पाण्यातलं क्लोराइड-सल्फेट. खाडीलगत जमिनीतलं पाणी खारट असतं आणि ते पायाच्या काँक्रीटला व सळईला खातं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ‘सिव्हिअर’ (कठोर) वातावरणात आरसीसीसाठी किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) धरतात. त्याहून कडक परिस्थितीत एम ३५ आणि ५० मिलिमीटर. तुमच्या इमारतीत काय धरलं आहे, हे इंजिनिअरला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

पायरी ३ : पाया कसला, आणि आवाराचं काय

कातळ वर असेल तर साधे फुटिंग (कॉलमखालचा रुंद पाया) किंवा राफ्ट (सगळ्या इमारतीखाली एकच जाड स्लॅब) पुरतं. मऊ थर जाड असेल तर पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घालतात आणि त्यांची टोकं खडकात रुतवतात. पाइल आहेत एवढं ऐकून थांबू नका. ‘पाइलची लोड टेस्ट झाली का?’ हे विचारा. काम चालू असताना काही निवडक पाइलवर डिझाइनच्या दीडपट भार टाकून चाचणी घेण्याची पद्धत आयएस २९११ या पाइलच्या मानकात सांगितलेली आहे. त्याचे अहवाल कन्सल्टंटकडे असतात.

आता जो मुद्दा नवीन गुंतवणूकदारांच्या ध्यानातच येत नाही, तो. पाइलवरची इमारत जागेवर राहते, पण तिच्या भोवतीचा भराव बसत जातो. कारण आवार, अंतर्गत रस्ता, कंपाउंडची भिंत, चेंबर, बाग यांच्याखाली पाइल नसतात. पाच-सात वर्षांत प्लिंथ (इमारतीचं जोतं) आणि पेव्हर ब्लॉक यांच्यात फट पडते. प्रवेशाच्या पायरीखाली पोकळी होते. इमारतीतून बाहेर येणारा ड्रेनेजचा पाइप एका टोकाला इमारतीला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला खचणाऱ्या चेंबरला जोडलेला, म्हणून तो सांध्यात तुटतो. मैला जमिनीत मुरतो, भूमिगत पाण्याच्या टाकीचा जोड निखळला असेल तर तो टाकीतही येऊ शकतो. गेट लागेनासं होतं, भिंत कलते. सोसायटी दर दोन-तीन वर्षांनी भरणी करते, फरशी उचलते, पुन्हा बसवते. हा खर्च मेंटेनन्समधून तुमच्याच खिशातून जातो.

म्हणून रिसेलचा फ्लॅट बघायला गेलात की लिफ्टकडे लगेच वळू नका. आधी इमारतीभोवती एक पूर्ण फेरी मारा. प्लिंथच्या रेषेकडे बघा. जुन्या फरशीची खूण भिंतीवर वर राहिली आहे का? पेव्हर नवेकोरे आहेत का आणि ते फक्त एका बाजूलाच आहेत का? ड्रेनेजच्या पाइपला लवचीक जोड किंवा वरून पट्टा मारून ठिगळ लावलं आहे का? वॉचमनला विचारा, पेव्हर शेवटचे कधी उचलले. मग सोसायटीच्या सेक्रेटरींकडून मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद आणि वार्षिक सभेचं इतिवृत्त मागून घ्या. ड्रेनेज आणि आवार दुरुस्तीवर दरवर्षी खर्च दिसत असेल, तर खाली भराव हलतो आहे असं समजा. एवढ्यावरून व्यवहार मोडायची गरज नाही. भावात तो धरा.

भेगांबद्दल थोडं. वीट किंवा ब्लॉकची भिंत आणि बीम यांच्या सांध्यावर आडवी बारीक भेग जवळपास प्रत्येक नव्या इमारतीत असते. तिचा पायाशी संबंध नसतो. काळजीची भेग तिरपी असते, खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघते, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसते आणि वरच्या-खालच्या मजल्यावरही त्याच जागी सापडते. सोबत दारं घासत असतील तर इंजिनिअर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. ते भेगेत शिरत असेल तर प्रश्न फक्त प्लास्टरचा नाही. वेळ असेल तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि महिन्याभराने पुन्हा बघा. भेग थांबली आहे की पुढे सरकते आहे, हे महत्त्वाचं.

पायरी ४ : पाणी बघायला जुलैत जा, भरतीच्या वेळेला

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि ठाणे, कल्याण, पनवेल परिसरही पाण्याखाली गेला. त्या दिवशी इमारतीत पाणी कुठपर्यंत आलं होतं, हा प्रश्न आजही प्रत्येक जुन्या सोसायटीत विचारण्यासारखा आहे. भिंतीवर हात ठेवून दाखवणारं कुणी ना कुणी भेटतंच.

नवी मुंबईची घडण समजून घ्या. सिडकोने खाडीकाठचे नोड आखताना काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या आसपास किंवा खाली राहणार हे धरलं आणि त्यासाठी धारण तलाव बांधले. भरती असताना झडपा बंद राहतात, शहरातलं पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी खाडीला जातं. हे सगळं तलाव रिकामा असण्यावर आणि झडप नीट लागण्यावर अवलंबून आहे. आज अनेक धारण तलावांत गाळ साचला आहे आणि खारफुटी वाढली आहे. खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्याने गाळ काढायलाही परवानग्या लागतात. त्यामुळे मोठा पाऊस आणि साडेचार मीटरहून उंच भरती एकाच वेळी आली की वाशी, सानपाडा, नेरुळ, बेलापूरच्या सखल सेक्टरांत पाणी तुंबतं. ओहोटी लागली की बहुतेक ठिकाणी ते उतरतं. पण तेवढ्या तीन-चार तासांत तळमजला, मीटर रूम आणि लिफ्टचा खड्डा भरायला पुरेसा वेळ मिळतो.

ठाण्यात पाण्याची कारणं थोडी वेगळी. येऊरच्या उतारावरून येणारे ओढे नाल्यांत बांधले गेले, काही वळवले गेले, काहींवर स्लॅब पडला. वंदना टॉकीजचा परिसर आणि विटाव्याचा रेल्वेखालचा रस्ता दर पावसाळ्यात बातमीत असतो. दिव्यासारख्या सखल भागात तर खाडी आणि नाला दोन्हीकडून पाणी येतं. कल्याण-बदलापूरकडे उल्हास नदीकाठी किंवा पनवेलला गाढी नदीकाठी घेत असाल तर पूररेषा तपासा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्लॉट त्या दोन रेषांच्या संदर्भात कुठे येतो, हे नगररचना विभागात कळतं.

प्रत्यक्ष करायचं ते असं. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या तारखा वर्तमानपत्रांत आधीच छापून येतात. त्यातली एक निवडा, पाऊस असेल अशी, आणि भरतीच्या वेळेच्या तासभर आधी तिथे पोचा. पुढच्या गोष्टी बघा:

- रस्ता उंच की आवार उंच? रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि जुन्या सोसायट्या दरवर्षी थोड्या खाली जातात.
- मीटर रूम, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर आणि पंप कोणत्या उंचीवर आहेत?
- बेसमेंट असेल तर उपसा पंप किती, त्याला वेगळी वीज आहे का, आणि भिंतीवर पांढरी क्षारांची रेघ दिसते का?
- लिफ्टमन किंवा लिफ्टच्या देखभालीचा माणूस भेटला तर खड्ड्यात पाणी येतं का ते विचारा. त्याच्याकडून खरं उत्तर मिळतं.

तुम्ही फ्लॅट विसाव्या मजल्यावर घेत असलात तरी हे तुमच्या कामाचं आहे. मीटर रूम बुडाली की विसाव्या मजल्यावरच्या भाडेकरूलाही दोन दिवस लिफ्ट आणि पाणी नसतं.

पायरी ५ : डोंगर दिसतो तिथे भिंत बघा

‘हिल व्ह्यू’चे जास्त पैसे देताना त्या डोंगराच्या आणि इमारतीच्या मध्ये काय आहे ते पाहा. घोडबंदरचा येऊरकडचा भाग, कळवा-मुंब्र्याचा पारसिकचा पायथा, बेलापूर आणि खारघरची टेकडी, या सगळीकडे उतार कापून जागा सपाट केली आहे आणि कापलेला भाग अडवायला भिंत घातली आहे. अशा भिंतीचा खरा शत्रू तिच्या मागे साठणारं पाणी. म्हणून भिंतीत ठरावीक अंतरावर पाणी निघायची भोकं असतात. पावसात त्यांतून पाणी झिरपताना दिसलं तर ती काम करत आहेत. कोरडी असतील आणि भिंतीवर ओल, फुगवटा किंवा आडवी भेग असेल, तर मागची माती पाण्याने गच्च भरून भिंतीला ढकलते आहे. भिंतीच्या डोक्यावरून पाणी अडवून बाजूला नेणारी चर आहे का, वर झोपड्या किंवा नवं खोदकाम आहे का, हेही बघा. शेजारच्या प्लॉटवर बेसमेंटसाठी खोल खणत असतील तर त्यांनी कडेला पाइल किंवा आधार दिला आहे का, ते सोसायटीने लेखी विचारलं का, याची चौकशी करा. कंपाउंडच्या भिंती अशाच पडतात, आणि त्याखाली उभ्या गाड्या जातात, कधी माणसंही.

पायरी ६ : जुनी इमारत असेल तर सळईची तब्येत

वाशी, नेरुळ, नौपाडा, वर्तकनगर, कळवा इथल्या जुन्या इमारती स्वस्तात मिळतात आणि पुनर्विकासाच्या आशेने लोक घेतात. आशा चुकीची नाही. पण पुनर्विकासाला वर्षं लागतात आणि तोवर भाडेकरूच्या डोक्यावरचा स्लॅब तुमची जबाबदारी असतो. खाडीची खारी हवा आणि वर्षाचे चार महिने पाऊस, यामुळे सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पाडते. शौचालयाखालचा स्लॅब, गॅलरीचा कठडा, छज्जे, स्टिल्टमधले (इमारतीखालच्या पार्किंगमधले) कॉलम आणि जिन्याचा वरचा भाग इथे ते आधी दिसतं. नव्या रंगावर विश्वास ठेवू नका, स्टिल्टच्या छताकडे टॉर्च मारून बघा.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीला नोंदणीकृत अभियंत्याकडून संरचनात्मक तपासणी करून प्रमाणपत्र द्यावं लागतं. सोसायटीच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीसाठी पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा ऑडिट सांगितलं आहे. तो अहवाल मागा. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात. त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी राहता राहता दुरुस्त करायची. सी-३ किरकोळ दुरुस्तीची. सी-२बी बघून घाबरू नका, पण दुरुस्तीचा खर्च कोण भरणार, जुना मालक की तुम्ही, ते करारात लिहून घ्या.

ऑडिटमध्ये अल्ट्रासॉनिक चाचणीचे (काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते त्याचे) आकडे असतात, किलोमीटर प्रतिसेकंदात. साडेतीनच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली शंकास्पद. हाफ-सेल म्हणजे सळईच्या गंजाच्या चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली रीडिंग गेलं तर सळई गंजत असण्याची शक्यता फार मोठी. एकट्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. किती कॉलमवर असं आलं ते मोजा.

पायरी ७ : वारा

हे लवकर आटपता येईल. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या मानकात मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद धरतात, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ समुद्रातून पुढे गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडचा किनारा गाठला. अशा वाऱ्यात आरसीसीचा सांगाडा टिकतो. उडतात ते गच्चीवरचे पत्रे, खिडक्यांच्या सरकत्या काचा, नीट न बांधलेले सोलर पॅनल आणि ग्रिलच्या बाहेरच्या कुंड्या. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर तिची परवानगी आहे का आणि ती कशाला बांधली आहे, ते बघा. पश्चिमेला आणि नैऋत्येला तोंड असलेल्या खिडक्यांच्या चौकटीखाली ओलीचे डाग असतील तर पाऊस आत येतो. आवारातली मोठी झाडं पावसाळ्यापूर्वी महापालिकेच्या परवानगीने छाटली जातात का, हेही विचारा.

पायरी ८ : कागद

सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) आणि ओसी (राहायला जायचं प्रमाणपत्र) दोन्ही बघा. ओसी नसलेली इमारत, विशेषतः गावठाण विस्तारातली किंवा शीळ-दिवा पट्ट्यातली, कितीही स्वस्त असली तरी नवख्याने घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा जीव गेला. तशा कामात सॉइल रिपोर्ट, डिझाइन, तपासणी यांपैकी कशाचीच खात्री नसते. दिघ्यातल्या बेकायदा इमारतींवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने हातोडा पडला तेव्हा पैसे भरून राहायला आलेली कुटुंबं रस्त्यावर आली.

खाडीलगत असेल तर सीआरझेडचा (किनाऱ्यालगतच्या बांधकाम-निर्बंधाच्या क्षेत्राचा) नकाशा आणि खारफुटीभोवतीची ५० मीटरची मोकळी पट्टी तपासा. नवी मुंबईत बरीच जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आहे, त्यामुळे हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क वेगळं धरा.

महारेराचा (घर खरेदीदारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या नियामकाचा) मोठा आधार लक्षात ठेवा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष आढळला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. मूळ खरेदीदाराकडून घेणाराही कायद्यातल्या ‘अलॉटी’ (फ्लॅट घेणारा) या व्याख्येत येतो. म्हणून चार वर्षं जुना फ्लॅट घेताना ताब्याचं पत्र मागा, तारीख बघा आणि उरलेल्या वर्षात आवार, गळती, भेगा यांची लेखी तक्रार सोसायटीमार्फत नोंदवून घ्या. पाच वर्षं संपल्यावर हीच दुरुस्ती तुमच्या खर्चाची होते.

पायरी ९ : विमा, आणि त्यातलं भरावाचं वाक्य

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच नमुन्याची घरविमा पॉलिसी देतात. आग, वादळ, पूर, भूकंप, भूस्खलन आणि जमीन खचणं हे सगळं तिच्यात येतं. विम्याची रक्कम बाजारभावावर ठरत नाही, बांधकामाच्या खर्चावर ठरते, त्यामुळे हप्ता बहुतेकांना वाटतो त्याहून कमी असतो.

पण जमीन खचण्याच्या कलमाखालचे अपवाद वाचा. नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि तडे, भराव घातलेल्या जमिनीचं खचणं किंवा हलणं, समुद्र-नदीची धूप, सदोष डिझाइन किंवा काम, आणि खोदकामामुळे झालेलं नुकसान, यांची भरपाई मिळत नाही. म्हणजे पुराचं पाणी घरात शिरून फर्निचर, वायरिंग गेलं तर दावा करता येतो. पण भराव बसल्याने भिंतीला तडा गेला तर विमा कंपनी हात वर करू शकते. खाडीपट्ट्यातल्या खरेदीदाराने नेमकं हेच वाक्य सही करण्याआधी वाचायला हवं, कारण त्या नुकसानीसाठी तुमचा आधार फक्त रेराची पाच वर्षं आणि सोसायटीचा सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी).

फ्लॅट भाड्याने देणार असाल किंवा काही महिने बंद ठेवणार असाल, तर ते कंपनीला लेखी कळवा. सोसायटीने इमारतीचा विमा घेतला आहे का, त्यात लिफ्ट, पंप आणि कंपाउंड भिंत धरली आहे का, तेही विचारा. यासाठी वैयक्तिक पॉलिसीवर विसंबू नका.

वादळ-पुरानंतर पहिल्या दिवशी काय करायचं

साफसफाईआधी फोटो आणि व्हिडिओ काढा, पाण्याची रेघ भिंतीवर कुठे आली ते टेप लावून. वीज लगेच सुरू करू नका. मीटर रूममध्ये पाणी गेलं असेल तर महावितरणच्या आणि परवानाधारक वायरमनच्या तपासणीनंतरच मेन स्विच वर करा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवून दाव्याचा क्रमांक घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत खराब झालेल्या वस्तू फेकू नका. तलाठी किंवा महापालिकेचा प्रभाग कार्यालयाचा माणूस पंचनाम्याला आला तर प्रत मागून घ्या. भाडेकरू असेल तर फोटो त्याच्याकडून मागवा आणि नुकसान त्याच्या सामानाचं किती, तुमच्या फ्लॅटचं किती, हे त्याच दिवशी वेगवेगळं लिहून ठेवा, कारण दोन्हींचे दावे वेगळे असतात. पाणी उतरल्यावर आठवड्याभराने पुन्हा एकदा इमारतीभोवती फेरी मारा: नवी फट, कललेलं चेंबर, आवारात अचानक पडलेला खड्डा दिसला तर सोसायटीला लेखी कळवा. पाण्याबरोबर माती वाहून गेलेली असते आणि खालची पोकळी गाडीच्या चाकाखाली नंतर बसते.